मेजावरचे विमान आणि सर फ्रँक व्हिटल

विमानांच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद साऱ्या जगभर पसरलेला आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या मेजावर, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात किंवा विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या टेबलावर, लहानशा दांडीवर तोललेले एखादे लढाऊ जेट विमान आपल्या दृष्टीस पडते. कोणी ते ओतीव धातूचे विकत आणतो, तर कोणी प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून व रंगवून आपल्या हातांनी ते जुळवितो. अशा प्रतिकृतींचे एक फार प्रचलित प्रमाण १:७२ हे आहे. म्हणजे खऱ्या विमानाची सहा फूट लांबी तेथे एका इंचात बसविलेली असते. पंखांचा उतार, शेपटीवरील खूण, चाकांची घडण हे सारे त्या मापाने इतके हुबेहूब साधलेले असते की पाहणाऱ्याने थक्क व्हावे.

परंतु प्रतिकृती बाहेरचे रूप तेवढे दाखविते. तिचे पोट रिकामे असते. ज्या इंजिनाच्या बळावर ते विमान मेघगर्जनेसारखा नाद करीत आकाशात झेपावते, त्या इंजिनाच्या जागी तेथे दोन भोके आणि थोडा काळा रंग एवढेच असते. त्या रिकाम्या जागेत काय असावे याचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला, त्या सर फ्रँक व्हिटल यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. ते आमच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल याचे कारण असे की, व्हिटल हेही प्रथम प्रतिकृती घडविणारा एक मुलगाच होते.

फ्रँकचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरी झाला. वडील मोझेस व्हिटल हे हुन्नरी कारागीर होते. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यांनी लेमिंग्टन या जवळच्या गावी एक लहानसा कारखाना विकत घेतला. काही लेथयंत्रे, थोडी हत्यारे व गॅसवर चालणारे एक इंजिन, एवढाच त्याचा पसारा. फ्रँक तेथे वडिलांच्या हाताखाली यंत्रे चालवावयास शिकला. शिष्यवृत्ती मिळवून तो माध्यमिक शाळेत गेला खरा, पण पुढे धंदा मंदावला व घरची ओढाताण सुरू झाली. शाळेच्या ठराविक अभ्यासात त्याचे मन फारसे रमत नसे. गावच्या ग्रंथालयात मात्र तो तासन् तास बसे आणि विमाने, टर्बाइन, उड्डाणाचे शास्त्र यांवरील पुस्तके वाचून काढी.

विमानदलात शिरावयाचे असे त्याने मनाशी ठरविले. १९२३ च्या जानेवारीत, वयाच्या सोळाव्या वर्षी, प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन तो हॉल्टन येथील केंद्रात उमेदवार म्हणून दाखल झाला. दोनच दिवसांत त्याला परत पाठविण्यात आले. त्याची उंची जेमतेम पाच फूट होती व छातीही अपुरी भरली. वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला होता. तेथील एका व्यायामशिक्षकाला या मुलाची दया आली असावी. त्याने आहार व व्यायाम यांचा एक क्रम आखून दिला. फ्रँकने तो इतक्या नेटाने पाळला की सहा महिन्यांत त्याची उंची व छाती दोन्ही सुमारे तीन-तीन इंचांनी वाढली. तरीही पुन्हा नकारच मिळाला, कारण एकदा नाकारलेल्या उमेदवाराला दुसरी संधी द्यावयाची नाही असा तेथील दंडक होता. फ्रँकने मग क्रॅनवेल येथील केंद्रासाठी अगदी नव्याने अर्ज केला, परीक्षा पुन्हा दिली, आणि या वेळी तो निवडला गेला. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये तो क्रॅनवेलला दाखल झाला. क्रॅनवेल हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण या चरित्रात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

विमानाचा कारागीर म्हणून तेथे तीन वर्षांचे शिक्षण होते. लष्करी शिस्त कडक, दिवस कष्टाचे. फ्रँकला ते जाचू लागले. पळून जावे असेही त्याच्या मनात येऊन गेले. त्याला तेथे धरून ठेविले ते प्रतिकृती-मंडळाने. उमेदवार मुलांचे एक मंडळ विमानांच्या प्रतिकृती तयार करीत असे. फ्रँक त्यात शिरला आणि त्याचे मन तेथे जडले. प्रतिकृतीत चूक लपत नाही. खऱ्या विमानात एका इंचाची चूक असेल तर ती बोटाने मोजता येते. प्रतिकृतीत तीच चूक केसाएवढी होते, आणि केसाएवढी चूक पाहण्याची सवय ज्या डोळ्यांना लागते, त्यांना मोठी चूक सहसा चकवू शकत नाही. त्याच्या हातचे काम पाहून केंद्राच्या प्रमुखांचे लक्ष या लहानखुऱ्या मुलाकडे वेधले. गणितातही त्याची बुद्धी असामान्य आहे हे त्यांना आढळून आले. १९२६ मध्ये शिक्षण संपताच त्यांनी त्याची शिफारस क्रॅनवेलच्याच अधिकारी-महाविद्यालयासाठी केली. साध्या कारागीर उमेदवाराला अशी संधी क्वचितच मिळत असे. जागा पाच होत्या आणि फ्रँकचा क्रम सहावा होता. परंतु वरच्या पाचांपैकी एक जण वैद्यकीय तपासणीत नापास झाला व ती जागा फ्रँकला मिळाली! ज्या तपासणीने त्याला एकदा दाराबाहेर काढले होते, तिनेच आता त्याच्यासाठी दार उघडले.

अधिकारी-महाविद्यालयात व्हिटल उत्तम वैमानिक झाले, कसरतीची उड्डाणे करण्यात तर ते तरबेज होते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागे. १९२८ मध्ये एकवीस वर्षांच्या व्हिटल यांनी विमानरचनेच्या भवितव्यावर प्रबंध लिहिला. त्या काळची लढाऊ विमाने ताशी सुमारे १५० मैलांच्या वेगाने उडत. व्हिटल यांनी ताशी ५०० मैलांची गोष्ट काढली. त्यांचा युक्तिवाद असा होता की, फार उंचावर हवा विरळ असते व तेथे विमानाला अडथळा कमी होतो; म्हणून वेग हवा असेल तर फार उंच गेले पाहिजे. पण तेथे नेहमीचे इंजिन धापा टाकू लागते, आणि विरळ हवेत व मोठ्या वेगात पंखाही नीट काम देत नाही. तेव्हा काही निराळेच साधन शोधावयास हवे. ते साधन त्यांना पुढल्या वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, सुचले.

त्याचे तत्त्व आमच्या किनाऱ्यावरील मुलांना चटकन समजावे. होडीतून कोणी धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते. जो रेटा उडी मारणाऱ्याला पुढे नेतो, तोच होडीला मागे लोटतो. फुगविलेल्या फुग्याचे तोंड सोडले म्हणजे हवा एका बाजूस सुटते व फुगा दुसऱ्या बाजूस धावतो. जेट इंजिनात पुढून हवा आत घेतली जाते. वेगाने फिरणारे एक चक्र ती हवा दाबून कोंडते. त्या कोंडलेल्या हवेत रॉकेलसारखे तेल फवारून जाळले जाते. तापलेला वायू प्रचंड वेगाने मागे निघतो आणि विमान पुढे रेटले जाते. मागे जाता जाता तोच वायू टर्बाइनचे दुसरे चक्र फिरवितो, व त्याच आसावर बसविलेले पुढचे चक्र त्यामुळे फिरत राहून आणखी हवा दाबते. पुढे-मागे धावणारा दट्ट्या नाही, बाहेरचा पंखा नाही. एका आसावरची दोन चक्रे आणि मध्ये अखंड जळणारी ज्योत. कल्पना इतकी सोपी वाटते. पण त्या उष्णतेत व त्या वेगात टिकणारी धातू तेव्हा कोठे होती?

व्हिटल यांनी आपली कल्पना वरिष्ठांमार्फत विमान-मंत्रालयाकडे पाठविली. तेथील ग्रिफिथ या तज्ज्ञांनी गणितातील काही चुका दाखविल्या व योजना अव्यवहार्य ठरविली. हे ग्रिफिथ टर्बाइन-विद्येतील मोठे अधिकारी असून स्वतः टर्बाइनने पंखा फिरविण्याच्या योजनेवर काम करीत होते. तेव्हा त्यांच्या मताला वजन होते. व्हिटल निराश झाले, पण थांबले नाहीत. १६ जानेवारी १९३० रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले व पुढे दोन मुलगे झाले. विमानदलाच्या अभियांत्रिकी वर्गात त्यांनी शेकडा ९८ गुण मिळविले. त्यामुळे दलाने त्यांना १९३४ मध्ये केंब्रिजला धाडले आणि १९३६ मध्ये ते तेथे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

याच केंब्रिजच्या दिवसांतील एक प्रसंग मनाला चटका लावतो. १९३५ च्या जानेवारीत पेटंट चालू ठेवण्यासाठी पाच पौंड भरावयाचे होते. संसार चालविताना व्हिटल यांना ते पाच पौंड जड होते. मंत्रालयाने भरण्याचे नाकारले. पेटंट रद्द झाले! पुढे ज्या कल्पनेवर राष्ट्रांनी कोट्यवधी रुपये खर्चिले, ती त्या दिवशी पाच पौंडांसाठी बेवारस झाली.

यानंतर विमानदलातून निवृत्त झालेले त्यांचे दोन जुने परिचित, डडली-विल्यम्स व टिनलिंग, मदतीस आले. १९३६ मध्ये पॉवर जेट्स ही छोटी कंपनी निघाली. आरंभीचे भांडवल अवघे दोन हजार पौंडांचे. व्हिटल हे सरकारी अधिकारी असल्यामुळे त्यांना या कामासाठी आठवड्यातून फक्त सहा तासांची परवानगी मिळाली. त्या इंजिनाचे गणित मांडताना त्यांच्या डोळ्यांपुढे टपाल वाहून नेणारे एक लहान, वेगवान विमान होते, हेही सांगितले पाहिजे.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथील कारखान्यात पहिले इंजिन सुरू करण्यात आले. चक्र फिरू लागले, आवाज चढत गेला, आणि एकाएकी इंजिन हाताबाहेर गेले. व्हिटल यांनी तेलाची झडप बंद केली तरी वेग वाढतच राहिला. आवाजाची किंकाळी झाली. भोवतालची माणसे जीव घेऊन पळाली. व्हिटल मात्र यंत्रापाशीच उभे राहिले. गळलेले तेल इंजिनात साठले होते व ते जळून संपेपर्यंत यंत्र कोणाचे ऐकणार नव्हते. कारण कळले, दुरुस्ती झाली, पुन्हा चाचणी, पुन्हा बिघाड, पुन्हा दुरुस्ती. पैशाची चणचण इतकी की मोडलेलेच भाग पुन्हा वापरावे लागत. पुढे हे काम जवळच्या लटरवर्थ गावी हलविण्यात आले.

याच सुमारास जर्मनीत हान्स फॉन ओहाइन हा तरुण शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच दिशेने निघाला होता. त्याला हाइंकेल या संपन्न विमान-कारखानदाराचा पाठिंबा होता. २७ ऑगस्ट १९३९ रोजी त्याच्या इंजिनावर हाइंकेल १७८ हे विमान उडाले. जगातील पहिले टर्बोजेट उड्डाण हेच होय. कल्पनेत व्हिटल आधी होते, उड्डाणात जर्मनी आधी आली. मधली वर्षे कोठे गेली याचे उत्तर आम्ही वर दिलेच आहे.

इंग्लंडच्या मंत्रालयालाही १९३९ च्या जूनमध्ये जाग आली. इंजिन वीस मिनिटे सुरळीत चालल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावर अधिकाऱ्यांची खात्री पटली. ग्लॉस्टर कंपनीला विमान बांधण्यास सांगण्यात आले व त्याला ई.२८/३९ असे रुक्ष सरकारी नाव मिळाले. १५ मे १९४१ च्या सायंकाळी, जेरी सेयर या वैमानिकाने ते विमान आकाशात नेले व सतरा मिनिटांनी सुखरूप खाली आणले. विमानाला पंखा नव्हता. इंजिनाचा रेटा सुमारे ३९० किलो वजनाइतका होता. काही दिवसांतच त्याने ताशी ३७० मैलांचा वेग गाठला. आणि हे उड्डाण झाले कोठे? क्रॅनवेल येथे. ज्या भूमीवर एक बुटका उमेदवार प्रतिकृती घडवीत होता, त्याच भूमीवरून त्याच्या इंजिनाचे विमान उडाले.

ते विमान आज लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात आहे. त्याच्या पंखांचा विस्तार २९ फूट. १:७२ च्या प्रतिकृतीत तो पाच इंचही भरत नाही, म्हणजे आपल्या वितीपेक्षा लहान. लटरवर्थच्या चौकात मात्र त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. प्रतिकृती करणाऱ्याचे स्मारकही प्रतिकृतीच असावे, हे आम्हांस फार शोभून दिसते.

पुढे ग्लॉस्टर मिटिऑर हे लढाऊ जेट विमान १९४४ च्या जुलैमध्ये ब्रिटिश विमानदलात दाखल झाले. त्यापूर्वीच, १९४१ मध्ये, व्हिटल यांचे एक इंजिन अमेरिकेस पाठविले गेले होते व त्यावरून तेथील जेट-उद्योगाचा पाया रचला गेला. पण या यशाचे मोल व्हिटल यांनी आपल्या प्रकृतीने चुकते केले. अतिश्रम, जागरणे, काळजी आणि झोप उडविणारी औषधे यांनी त्यांचे शरीर पोखरले. त्यांना अनेकदा रुग्णालयात राहावे लागले. १९४४ मध्ये सरकारने पॉवर जेट्स ताब्यात घेतली आणि संशोधनापुरतेच काम तिच्याकडे ठेवण्याचे धोरण आखले. १९४६ मध्ये व्हिटल यांनी तेथून राजीनामा दिला. आपले भाग त्यांनी आधीच राष्ट्राच्या स्वाधीन केले होते. १९४८ मध्ये ते प्रकृतीच्या कारणास्तव विमानदलातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना एक लाख पौंडांचे पारितोषिक व सर ही पदवी मिळाली.

आता प्रतिकृतींच्या फळीकडे पुन्हा वळू या. व्हिटल यांच्याच मार्गाने पुढे जाऊन रोल्स-रॉईस कंपनीने नीन नावाचे इंजिन बनविले. १९४६ नंतर ब्रिटनने ते रशियास विकले. रशियाने त्याची नक्कल करून ते मिग-१५ विमानात बसविले. अमेरिकेने तेच इंजिन परवान्याने बांधून पँथर विमानात घातले. ९ नोव्हेंबर १९५० रोजी कोरियाच्या युद्धात एका पँथरने एक मिग-१५ पाडले. बाहेरून पाहता ही दोन विमाने परस्परांहून किती वेगळी! एकाचे पंख मागे झुकलेले, दुसऱ्याचे सरळ. पोटात मात्र एकाच इंजिनाची भावंडे गर्जत होती. टपाल नेण्यासाठी मांडलेल्या गणिताची अशी परिणती व्हावी, ही त्या शतकाची शोकांतिका म्हणावी लागेल. मेजावरच्या देखण्या विमानाकडे पाहताना हेही विसरू नये की हे शस्त्र आहे आणि त्याच्या खाली कोणाचे तरी गाव असते.

तेच नीन इंजिन आमच्या परिचयाच्या एका विमानातही होते. भारतीय नौदलाचे सी हॉक विमान १९७१ च्या युद्धात विक्रांत या नौकेवरून लढले. गोव्यात दाबोळीजवळील नौदल-विमान-संग्रहालयात ते आपणांस पाहावयास मिळते. त्याच्या दोन्ही बाजूंस, पंखांच्या मुळाशी, मागे एकेक नळकांडे दिसते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, विमानाला दोन इंजिने असतील. प्रत्यक्षात आत एकच इंजिन आहे. त्याचा झोत दोन वाटांनी बाहेर काढला आहे, म्हणजे मागच्या भागात तेलाच्या टाकीस जागा राहते. असा बारकावा ज्याला खटकतो आणि जो त्याचे कारण शोधू लागतो, त्याचा छंद सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.

उत्तर आयुष्यात व्हिटल यांनी तेलविहिरी खोदण्याच्या एका यंत्रावर काम केले. १९७६ मध्ये ते अमेरिकेत गेले व अ‍ॅनापोलिस येथील नौदल-विद्यालयात संशोधक प्राध्यापक झाले. फॉन ओहाइन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. ज्यांच्या देशांनी एकमेकांवर बाँबवर्षाव केला, त्या दोघांना १९९१ मध्ये ड्रेपर पारितोषिक एकत्र मिळाले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये मेरीलँड राज्यात सर फ्रँक व्हिटल यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थी विमानाने इंग्लंडला नेण्यात आल्या आणि क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवण्यात आल्या.

विद्यार्थी मित्रहो, १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने आपल्या देशातील शाळांना पाच लाख प्रतिकृती करून देण्याची विनंती केली होती; विमाने ओळखावयास शिकविण्यासाठी त्या हव्या होत्या. मुलांच्या हातच्या कामाला मोठ्यांनी दिलेला तो मान होता. आपणही प्रतिकृती कराल तेव्हा माप चुकू देऊ नका. आणि काम संपल्यावर विमान उचलून त्याच्या पुढच्या भोकात डोळा घालून पाहा. आत अंधार दिसेल. त्या अंधारात काय असावयास हवे, ते का फिरते आणि का जळते, हे एका कागदावर काढून पाहावयास पाच पौंड लागत नाहीत.